प्रिन्स ऑफ पर्शिया, तीस वर्षांनी: ते साठ मिनिटांचं घड्याळ गेलं कुठे?

पोटमाळा
रविवार, रात्री १०:५२

दिवाळीच्या आधी माळा आवरताना चपलांचं एक खोकं सापडलं. आत सव्वापाच इंची फ्लॉप्या, मोजून अकरा. एकीच्या लेबलवर माझ्या दहावीतल्या अक्षरात 'प्रिन्स. हात लावू नये.' फ्लॉपीला बुरशी आली आहे, आणि ती वाचणारा ड्राइव्ह मिळवायचा म्हणजे बुधवारी जुन्या बाजारात जाऊन नशीब काढायचं. फ्लॉपी गुपचूप खोक्यात परत ठेवली आणि रात्री सगळे झोपल्यावर घरच्या डेस्कटॉपवर डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस गेम आताच्या मशीनवर चालवणारा प्रोग्रॅम) प्रिन्स सुरू केला.

हा गेम मी पहिल्यांदा पाहिला १९९३ मध्ये. सदाशिव पेठेत एका वाड्याच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर क्लास होता. चपला बाहेर, एसी फक्त मशीनसाठी, आणि चारातलं माझ्या वाट्याचं मशीन म्हणजे एकरंगी अंबर मॉनिटरचा २८६ जातीचा जुना पीसी. वर्षभर मी राजपुत्राला नारिंगीच समजत होतो. त्याचे कपडे पांढरे आहेत हा शोध मित्राच्या काकांच्या ऑफिसात लागला. क्लासच्या भिंतीवर पाटी होती: 'बाहेरची फ्लॉपी आत आणू नये. गेम खेळताना आढळल्यास तास वजा धरला जाईल.' सर सव्वासहाला चहाला खाली उतरायचे, वीस मिनिटांत वर. साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचा गेम वीस मिनिटांत कुठून संपणार? बारा लेव्हल आहेत, शेवटी जाफर हा खलनायक आहे, हे सगळं आम्ही नुसतं ऐकून होतो.

तर परवा रात्री. पहिली गोष्ट म्हणजे बोटांना सगळं आठवत होतं. शिफ्ट दाबून एकेक पाऊल, कडेला थांबणं, पुन्हा शिफ्ट धरून लोंबकळणं. डोक्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. दुसरी गोष्ट म्हणजे मी लेव्हल दोनवर चार वेळा मेलो.

दुसऱ्या दिवशी मुलगी शेजारी येऊन बसली. आठवीत आहे, फोनवर आणि मित्राच्या कन्सोलवर बरंच खेळलेली. तिच्या हातात कीबोर्ड दिला आणि काही बोलायचं नाही असं ठरवून गप्प बसलो. तिने राजपुत्राला पळवलं, थांबवायला बाणावरचं बोट उचललं, तो आणखी दोन पावलं घसरत गेला आणि सुळ्यांवर.

"बाबा, हा लगेच का थांबत नाही?"

पुन्हा. या वेळी पायाखालची फरशी हलली आणि तो खाली.

"हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."
"आम्हालाही नव्हतं."
"मग तुम्हाला कसं कळलं?"
"मरून."

तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी, माझे वडील रॉकेलच्या रांगेच्या गोष्टी सांगत तेव्हा, त्यांना देत असे. मग विचारलं, "सेव्ह कुठे आहे?" म्हटलं, नाही. मेलास की लेव्हल पहिल्यापासून, आणि घड्याळ मात्र चालूच. साठ मिनिटं संपली की राजकन्या गेली.

आता माझा मुद्दा. इतकी वर्षं मी सांगत आलो की जुने गेम कडक होते पण न्यायाने वागायचे. परवा खेळताना वाटलं, कसला न्याय? लेव्हल चारमध्ये दार उघडल्यावर वाटेत आरसा उभा राहतो, त्यात पळत जाऊन उडी मारायची असते. का? कुणी सांगितलं? लाल बुडबुड्यांच्या बाटलीने जीव वाढतो, निळ्याने कमी होतो. आमच्या अंबरवर दोन्ही सारखेच, त्यामुळे वर्षभर निम्म्या वेळा विष प्यायलो आणि त्याला नशीब म्हणालो.

गंमत म्हणजे याच एका मालिकेत गेम कसे बदलले ते ओळीने दिसतं. १९८९ च्या पहिल्या प्रिन्समध्ये चुकलात की मेलात. २००३ च्या सँड्स ऑफ टाइममध्ये खंजीर आला: चुकलात तर काळ थोडा मागे फिरवा. २००८ च्या प्रिन्समध्ये एलिका सोबत असते, ती दर वेळी हात धरून वर ओढते, मरणंच रद्द. आणि जानेवारी २०२४ च्या लॉस्ट क्राउनमध्ये तर न उघडणारं दार दिसलं की त्याचा फोटो नकाशावर टाचून ठेवता येतो, नंतर आठवावं म्हणून. आम्ही हे वहीत लिहायचो.

वाईट झालं असं म्हणत नाही. पण त्या घड्याळाने मला जे केलं, पोटात गोळा, कानात पीसी स्पीकरची टुकटुक, ते नंतर कुठल्याही गेमने केलं नाही. ते घड्याळ गेलं कुठे? तुमच्या आठवणी आणि मतं येऊ द्या.


नळस्टॉप
रविवार, रात्री ११:०५

जागा पकडून ठेवतो. आमच्या क्लासला गुरुवारी लाईट जायचे आणि नेमके तेव्हाच जायचे जेव्हा मी पहिल्यांदा लेव्हल सहाच्या त्या लठ्ठ पहारेकऱ्यापर्यंत पोचलो होतो. अजून विसरलेलो नाही. सविस्तर उद्या.


दोनशेशहाऐंशी
रविवार, रात्री ११:४०

लेख छान, पण एक दुरुस्ती, राहवत नाही म्हणून. डॉसच्या प्रिन्समध्ये सेव्ह होतं. कंट्रोल आणि जी. लेव्हल तीनपासून चालायचं. परत आणायला कंट्रोल आणि एल. तुम्ही मुलीला चुकीचं सांगितलंत. आणि स्पेसबार दाबला की किती मिनिटं उरली ते दिसायचं, हे तरी माहीत होतं ना?

त्या आरशाबद्दल. आरशातून जो बाहेर पडतो तो छायापुरुष, त्याची जन्मकथा गेममधल्या गोष्टीपेक्षा भारी आहे. जॉर्डन मेक्नरने हा गेम ॲपल टू या कॉम्प्युटरवर लिहिला, एकट्याने, १९८५ ला हात घातला तो १९८९ ला बाहेर आला. धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि एकेक फ्रेम काढून पडद्यावर उतरवली. म्हणून तो राजपुत्र माणसासारखा पळतो. तलवारबाजी १९३८ च्या रॉबिन हूड सिनेमातल्या द्वंद्वावरून घेतली. संगीत वडिलांचं. घरगुती कारखानाच म्हणा.

पण त्या सगळ्या फ्रेम मेमरीत बसवता बसवता मेमरी संपली. दुसरा माणूस काढायला जागाच उरेना, त्यामुळे सुरुवातीला गेममध्ये मारामारी ठेवायचीच नव्हती. तेव्हा सहकाऱ्यांनी शत्रू हवाच म्हणून पिच्छा पुरवला. मग तोडगा निघाला तो असा: राजपुत्राचीच चित्रं घ्यायची, एक बिट (म्हणजे केसभर) सरकवून स्वतःशीच एक्सऑर करायची (जिथे दोन्ही सारखी तिथे पुसायची, वेगळी तिथे ठेवायची), की त्याच आकाराचा चमचमणारा काळा भूत तयार. मेमरीचा खर्च जवळपास शून्य. त्यातून पुढे अख्खी गोष्ट उगवली: तो आरशातून निघतो, लेव्हल पाचला तुमची बाटली पिऊन टाकतो, सहाला तुमच्या तोंडावर दार पाडतो आणि बाराला समोर उभा राहतो.

बारामध्ये काय करायचं ते इथे सांगत नाही. मुलीला शोधू दे.


वाटली_डाळ
सोमवार, सकाळी ९:२०

माफ करा, पण दर दिवाळीला माळा आवरताना एकेकाला असा साक्षात्कार होतो आणि आम्हाला वाचावा लागतो.

जुने गेम अवघड होते कारण ते छोटे होते. इतकंच. व्हिडिओ पार्लर आठवा. तिथलं मशीन तुम्हाला तीन मिनिटांत मारायलाच बनवलेलं, कारण मेल्याशिवाय दुसरं टोकन कोण घेणार? घरच्या कॉम्प्युटरवर टोकन नव्हतं, पण सवय तीच राहिली. प्रिन्स ज्याला पाठ आहे तो वीस मिनिटांच्या आत संपवतो. म्हणजे तुमच्या सरांच्या चहात बसतो! वीस मिनिटांचा माल होता. घड्याळ आणि सुळे लावून वर्षभर पुरवला. ह्याला पूर्वी पाणी घालून आमटी वाढवणं म्हणत.

आणि शंभरातले किती जण जाफरपर्यंत पोचले? तुम्ही स्वतः पोचलात का?


पोटमाळा
सोमवार, सकाळी ९:४४

@दोनशेशहाऐंशी: कंट्रोल-जी मला खरंच माहीत नव्हतं. तीस वर्षं. आता शांत बसून चहा पितो.

@वाटली_डाळ: नाही पोचलो. अकरापर्यंत. आमटीचा मुद्दा अर्धा मान्य. पण पाणी घातलेली आमटी वर्षभर कोणी मिटक्या मारत खात नाही हो. दर वेळी तोच जिना, तीच फट, पण उडी आधीपेक्षा बरी पडायची. बदलत मी होतो, लेव्हल नव्हती. आताच्या बऱ्याच गेममध्ये उलटं दिसतं: आकडा वाढतो, तलवार वाढते, खेळणारा आहे तिथेच.


अर्धी_फुल्ली
सोमवार, दुपारी १:१५

थांबत का नाही, या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही, आणि तोच इथला सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

प्रिन्समध्ये बटण दाबणं म्हणजे हुकूम नव्हे, अर्ज आहे. हालचाल सुरू झाली की ती पूर्ण होणार, मगच पुढचा अर्ज विचारात. पळता माणूस जागेवर थांबत नाही, म्हणून हाही थांबत नाही. मारिओ हवेतसुद्धा दिशा बदलतो, कारण तो माणूस नाहीच, बटणाचं टोक आहे. हे दोन वेगळे पंथ आहेत. नंतरच्या काळात बटणाचा पंथ जिंकला. मग २००९ मध्ये डेमन्स सोल्स आणि २०११ मध्ये डार्क सोल्स आले आणि अर्जाचा पंथ पुन्हा उभा राहिला: तलवार उगारली की उगारली, मागे घेता येत नाही. त्यामुळे 'आता असे गेम बनत नाहीत' म्हणू नका. बनतात, खपतात, आणि आमची पोरं त्यात रात्री जागवतात.

दुसरं. न्यायाबद्दल. आताच्या चांगल्या उड्यांच्या गेममध्ये लपलेली माफी असते. २०१८ चा सेलेस्ट घ्या. कड्यावरून पाय सुटल्यावर क्षणभर उशिरा उडीचं बटण दाबलं तरी गेम उडी मान्य करतो. जमिनीला टेकायच्या जरा आधी दाबलं तरी लक्षात ठेवतो. खेळणाऱ्याला वाटतं, काय हात बसलाय माझा! याला इंग्रजीत त्या कार्टूनमधल्या कोल्ह्यासारख्या प्राण्याचं नाव आहे, जो कडा संपल्यावरही हवेत पळत राहतो.

पण हे नवीन आहे असं समजू नका. प्रिन्समध्ये पळताना वरचा बाण जरा आधी दाबून बघा. तो तिथल्या तिथे उडत नाही. कडेपर्यंत पळतो आणि तिथून उडतो. म्हणजे माफी तेव्हाही होती, फक्त जाहीर केलेली नव्हती. तुम्ही वर्षभर विष प्यायलात तो दोष मॉनिटरचा, मेक्नरचा नव्हे.


कीबोर्ड_काकू
सोमवार, दुपारी ३:३०

आमच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, टीव्हीला लावायचा गेम होता. पिवळी कॅसेट, वर लिहिलेलं ९९९९ इन १, आत मोजून सहा गेम आणि बाकी त्यांचीच पिल्लं. धाकट्या दिरासाठी आणलेला, पण दुपारी स्वयंपाकघर आवरलं की मी आणि सासूबाई मारिओ खेळायचो. हो, सासूबाई. नऊवारीत.

सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि मारिओने त्यांना एक अक्षर न वाचायला लावता सगळं शिकवलं, हे मला आत्ता हा धागा वाचताना जाणवलं. डावीकडे जागा नाही, म्हणजे उजवीकडे जायचं. तो तपकिरी राक्षस चालत येतो, धडकलं की आपण मरतो, मग एकदा चुकून आपण त्याच्या डोक्यावर पडतो आणि कळतं. चमकणारी वीट डोक्याने ठोकली की मश्रूम बाहेर येतं, पाइपला आपटून परत आपल्याकडेच येतं, टाळायचं म्हटलं तरी बहुतेकदा अंगावर येतंच. खाल्लं की मोठे होतो. पहिल्या मिनिटात चार धडे!

आता नातवाच्या फोनवर कुठलाही गेम उघडला की पहिली दहा मिनिटं एक बाई बोलत असते. इथे दाबा, शाब्बास, आता इथे दाबा. सासूबाईंनी फोन फेकून दिला असता.


बाणेरवाली
सोमवार, संध्याकाळी ७:०२

काकू, ती बाई मी आहे.

म्हणजे अगदी मी नाही, पण बाणेरला एका मोबाईल गेमच्या कंपनीत डिझाइनला आहे, आणि तो पांढरा हात येतो ना 'इथे दाबा' दाखवणारा, तो कधी यावा, किती वेळा हलावा, यावर माझा पगार निघतो. कंपनीचं नाव विचारू नका.

थोडं आतलं सांगते. आमच्यासमोर एक आलेख असतो. डावीकडे गेम पहिल्यांदा उघडणारे सगळे, आणि उजवीकडे जाताना जिना उतरत जातो: हात दिसला तेव्हा इतके उरले, पहिली लेव्हल संपली तेव्हा इतके, दुसऱ्या दिवशी परत आले ते इतके. ज्या पायरीला जिना खोल पडतो तिथे मीटिंग होते. एकदा लेव्हल सातला असाच खड्डा होता. मला ती लेव्हल आवडायची, कारण तिच्यात डोकं लागायचं. मी म्हटलं, लोक शिकतील. वरिष्ठ म्हणाले, शिकायला थांबतील तर. आम्ही एक सुळ्यांची रांग काढली, एक पायरी रुंद केली आणि खड्डा भरला. लेव्हल सात आता कुणालाच आठवत नसेल.

प्रिन्स विकत घेतलेला असायचा (तुमचे फ्लॉपीवाले सोडून!). पैसे आधीच आले, मग मेक्नर तुम्हाला लेव्हल दोनवर चार वेळा मारू शकत होता. आमचा गेम फुकट आहे. चार वेळा मेलात की तुम्ही डिलीट करता आणि शेजारचा उघडता. आम्ही तुमच्या मरणाला नाही, तुमच्या जाण्याला घाबरतो.

आणि घड्याळ कुठे गेलं, हा मूळ प्रश्न. घड्याळ कुठेही गेलेलं नाही. कँडी क्रश बघा, २०१२ चा. पाच जीव, आणि गेलेला एकेक जीव भरून यायला अर्धा तास. दैनिक बक्षीस, चोवीस तासांची स्पर्धा, सलग सात दिवस आलात तर पेटी, एक दिवस चुकलात तर पुन्हा पहिल्यापासून. ही सगळी घड्याळंच आहेत. फरक इतकाच की प्रिन्सचं घड्याळ तुम्ही खेळत असताना चालायचं. आमचं तुम्ही खेळत नसताना चालतं.


नळस्टॉप
सोमवार, संध्याकाळी ७:१५

बापरे. शेवटची दोन वाक्यं वाचून फोन उलटा ठेवला.


वाटली_डाळ
सोमवार, रात्री ८:३०

बाणेरवाली, प्रामाणिक प्रतिसादाबद्दल आभार, हे उपरोधाने म्हणत नाहीये. पण सगळा आजचा काळ म्हणजे फोन नव्हे. सेलेस्टमध्ये 'मदत' नावाचा मेनू आहे: वेग कमी करा, मरणं बंद करा, जसं झेपेल तसं. माझ्या भावाच्या उजव्या हाताला अपघातानंतर दोन बोटं नीट चालत नाहीत. त्याने तो गेम सत्तर टक्के वेगाने पूर्ण केला. तुमच्या त्या न्यायी प्रिन्सने त्याला लेव्हल एकच्या पुढे जाऊ दिलं असतं का? डिझाइन बदललं त्यात हेही मोजा.


पोटमाळा
सोमवार, रात्री ८:४१

हे मला सुचलंच नव्हतं. मान्य, पूर्ण.


शुक्रवारपेठी
सोमवार, रात्री १०:१०

अवांतर: बाहेरची फ्लॉपी आणू नये ही पाटी उगाच नव्हती. आमच्या क्लासमध्ये १९९० च्या आसपासचा तो जोशी व्हायरस आला होता. भारतातच पहिल्यांदा सापडलेला. ५ जानेवारीला मशीन सुरू केलं की पडद्यावर 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप करा म्हणून यायचं आणि केल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. आमच्या सरांचं आडनाव जोशी. त्यांना अर्धा तास वाटत होतं की मुलांनी वाढदिवसाची तयारी केली आहे.

क्विक हील ही अँटीव्हायरसची कंपनी पुण्यातच का जन्माला आली, याचं उत्तर असल्या क्लासमध्ये शोधा.


दोनशेशहाऐंशी
सोमवार, रात्री १०:२५

हाहा! आणि प्रिन्सच्या कॉपी प्रोटेक्शनची (चोरीची प्रत अडवणाऱ्या कुलपाची) वही? लेव्हल एक संपली की बाटल्यांची खोली यायची, प्रत्येक बाटलीवर अक्षर. मॅन्युअलच्या अमुक पानावर, अमुक ओळीत, अमुक शब्दाचं पहिलं अक्षर ते प्या. चुकलात की खल्लास. मॅन्युअल कुणाकडे होतं? आमच्याकडे शंभर पानी वहीत तक्ता होता, कुणीतरी मरून मरून भरलेला. ती वही रोज वेगळ्याच्या घरी जायची.


हडपसर_एक्सप्रेस
मंगळवार, सकाळी ११:००

पुण्याचा विषय निघालाच आहे तर: प्रिन्सचे सँड्स ऑफ टाइमपासूनचे गेम काढणाऱ्या युबिसॉफ्टचा स्टुडिओ पुण्यात २००८ पासून आहे, आणि सँड्स ऑफ टाइमच्या रिमेकचं काम २०२० मध्ये जाहीर झालं तेव्हा ते पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडेच होतं. २०२२ च्या मे महिन्यात ते माँट्रियलला गेलं, जिथे मूळ गेम बनला होता. म्हणजे राजपुत्र काही काळ आपल्या गावात मुक्कामाला होता, असं म्हणायला हरकत नाही. जाता जाता, युबिसॉफ्टचा तो गाजलेला असासिन्स क्रीडसुद्धा प्रिन्सचाच पुढचा भाग म्हणून सुरू झाला होता.

(रिमेकवरून भांडण सुरू करून धाग्याचा काश्मीर करू नये, ही विनंती.)


जिन्याखाली
मंगळवार, रात्री ११:५५

मी २००३ चा. म्हणजे सँड्स ऑफ टाइमच्या वयाचा. तुमचं बोलणं आजोबांचं वाटलं तरी वाचायला मजा आली, म्हणून दोन पैसे.

ती वही, तक्ता, 'आरशात उडी मार' असं कुणीतरी कानात सांगणं, हे अजून आहे काका. सोल्स गेममध्ये जमिनीवर इतर खेळणाऱ्यांनी सोडलेले संदेश चमकतात. 'पुढे सापळा.' 'इथे उडी मारून बघ.' निम्मे खोटे असतात, तुम्हाला कड्यावरून पाडायला. तुमच्या क्लासमध्येही कुणीतरी असा असेलच, जो मुद्दाम चुकीचं अक्षर सांगायचा.


नळस्टॉप
बुधवार, सकाळी ८:३०

होता. आता अमेरिकेत आहे. नाव सांगत नाही, इथे वाचत असतो.


पोटमाळा
बुधवार, रात्री १०:२०

बातमीपत्र. मुलीने सोमवारपासून गेम ताब्यात घेतला आहे. मला वाटलं होतं दोन दिवसांत कंटाळेल. तिने काय केलं, तर भूमितीच्या आलेख वहीची मधली चार पानं फाडून प्रत्येक लेव्हलचा नकाशा काढला. हलणाऱ्या फरशांना फुली, सुळ्यांना त्रिकोण, जाळीच्या दारांना आणि त्यांच्या बटणांना एकाच रंगाचा ठिपका. मी इतकी वर्षं बोटांनी खेळलो, ती कागदावर खेळते. लेव्हल तीनचा सांगाडा मरत नाही म्हटल्यावर तिने तलवार चालवणं सोडून त्याला मागे मागे रेटत खड्ड्यात पाडला. मी शेजारी बसून 'उजवीकडे, उजवीकडे' ओरडत होतो. मला बाहेर जायला सांगण्यात आलं.

तिला घड्याळाची भीती वाटत नाही. स्पेस दाबून मिनिटं बघते आणि "आहेत अजून" म्हणते. मला हे विशेष वाटलं, कारण हीच मुलगी फोनवरच्या कुठल्याशा गेमची सलग हजेरी चुकू नये म्हणून आजीच्या श्राद्धाला पानावरून उठली होती.


बाणेरवाली
बुधवार, रात्री १०:३१

सलग हजेरीबद्दल माफी मागते. तो आलेख फार सुंदर दिसतो, म्हणून काढवत नाही.

नकाशाचा फोटो टाका की!


पोटमाळा
गुरुवार, रात्री ९:४८

फोटो टाकायची परवानगी मिळाली नाही. 'अजून पूर्ण नाहीये.'

आज लेव्हल आठ. दार उघडलं, मधली जाळी पडली, बटण पलीकडे. बाहेर पडायला वाटच नाही. ती म्हणाली, अडकलो, पुन्हा सुरू करू. मी तोंडावर हात ठेवून बसलो होतो, कारण इथे काहीच करायचं नसतं. नुसतं थांबायचं. घड्याळ पळतंय आणि थांबणं हेच उत्तर आहे. तिने बोट एस्केपकडे नेलं आणि तेवढ्यात पलीकडून तो पांढरा उंदीर तुरुतुरु आला, बटणावर उभा राहिला, जाळी वर. राजकन्येने पाठवलेला. ती इतक्या जोरात किंचाळली की खालच्या मजल्यावरच्या काकांचा फोन आला.

मग नऊ सुरू झाली. अठरा मिनिटं शिल्लक. आणि लाईट गेले. गुरुवार. यूपीएसची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच मेली आहे, आणायची आणायची म्हणत राहिलो.


नळस्टॉप
गुरुवार, रात्री ९:५२

अरे देवा. गुरुवार.


दोनशेशहाऐंशी
गुरुवार, रात्री ९:५३

कंट्रोल-जी दाबलं होतंत का?


पोटमाळा
गुरुवार, रात्री ११:१६

मी नाही. तिने दाबलं होतं, आठ सुरू होताना. तुमचा पहिला प्रतिसाद तिने माझ्या फोनवर केव्हाच वाचला होता, मला बोलली नाही.

लाईट आले आहेत. बावीस मिनिटांपासून पुढे. मला पुन्हा बाहेर काढलं आहे, हे स्वयंपाकघरातून लिहितोय.